खान्देशात, सवलतींच्या पाट्या वाचत

माझा धंदा करसल्लागाराचा. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतल्या एसईझेडच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, फायली करण्यात उमेदीची वर्षं गेली. पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर शंभर टक्के करमाफी, पुढची पाच पन्नास टक्के, त्यापुढची पाच नफा परत धंद्यात घातला तर पन्नास टक्के. आयकर कायद्याचं हे कलम १०एए मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. २००५ च्या एसईझेड कायद्याच्या उद्देशांत गुंतवणूक आहे, रोजगार आहे, पायाभूत सुविधा आहेत. प्रत्यक्षात मंजूर झालेले बहुसंख्य झोन आयटीचे निघाले आणि मोठ्या शहरांना चिकटून बसले. आडगावांसाठी राज्याची वेगळी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, १९६४ पासूनची. तिच्यात तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी-प्लस असे गट असतात. मागासलेपण जितकं जास्त तितकी सवलत जास्त. शिंदखेड्याची माझी मैत्रीण अनेक वर्षं म्हणत होती, "आमच्याकडे ये. सवलती मिळाल्या की नाही ते माहीत नाही, पण पाट्या भरपूर आहेत." जानेवारीत शेवटी गेले. गाडी तिच्या भावाची, म्हणजे दादाची.

शनिवार : धुळे, नरडाणा

पुण्याहून रात्रीची बस, सकाळी धुळे. दात वाजतील अशी थंडी. एप्रिलात याच गावात रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं, हे दादानं लगेच ऐकवलं. जुन्या धुळ्याचे सरळ आखीव रस्ते हे कॅप्टन ब्रिग्जचं काम, १८१८ नंतरचं. राजवाडे संशोधन मंदिर बाहेरूनच पाहिलं आणि मुंबई-आग्रा महामार्गानं नरडाण्याकडे निघालो.

नकाशावर नरडाण्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. पोटातून महामार्ग, शेजारून सुरत-भुसावळ रेल्वे, थोडं वर तापी. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यांत 'धुळे-नरडाणा' हे नाव झळकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. एमआयडीसीत शिरलो. काही कारखाने चालू आहेत, ट्रक उभे आहेत, धूर दिसतो. पण अधूनमधून नुसते कुंपण घातलेले भूखंड. काही ठिकाणी एकच शेड, तिला शटर, शटरला गंज. भूखंड घेतला की मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो, नाही तर मुदतवाढीचे पैसे भरत राहा. जमिनीचा भाव त्या दंडापेक्षा वेगानं चढत असेल, तर दंड भरून गप्प बसणं हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. असे हिशेब मी पुण्यातही केलेले आहेत, त्यामुळे त्या शटरांकडे बघून फारसं नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते चहाच्या टपरीवर. तिथल्या आबांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा काढला. घडीवर कागद फाटलेला, मागून चिकटपट्टी. 'इतर हक्क' या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन राखीव असल्याचा शेरा. इकडे याला 'चॅप्टर सहा लागलं' म्हणतात, एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यातलं सहावं प्रकरण. शेरा पडला की गिऱ्हाईक येत नाही, बँक कर्जाला हात आखडते. मोबदला मात्र येईल तेव्हा येईल. "पाटी लागनी तवयपासून जमीनना भाव वाढना, ताई," आबा अहिराणीत, इकडच्या बोलीत, म्हणाले. "कारखानाले याले येळ लागस. दलालले लागत नही."

मग मला विचारलं, एसईझेड म्हणजे ते पेणचंच ना? त्यांना २००८ चं रायगडचं सार्वमत आठवत होतं. महामुंबई एसईझेडच्या विरोधात पेण तालुक्यातल्या गावांनी कौल दिला होता. इतक्या लांबचं कसं लक्षात राहिलं, तर म्हणे, जमीन ज्याची असते तो पेपर नीट वाचतो.

दुपारी मैत्रिणीच्या घरी कळण्याची भाकरी आणि भरीत. मोठं हिरवट वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी भांड्यात ठेचलेलं, वर शेंगदाणा तेलाची फोडणी, कांद्याची पात आणि अख्खे दाणे. टोमॅटो नाही, मसाला नाही. मिक्सरचं नाव काढलं तर काकू जेवू घालणार नाहीत. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी ऐकवलं. त्यावर काकू, "मंग? आधी चव नव्हती का?"

जाणाऱ्यांसाठी : नरडाण्यात मुक्कामाच्या भानगडीत पडू नका, धुळ्याला राहा. हिवाळ्यात शाल आणि दुपारची टोपी दोन्ही लागतात. भरीत डिसेंबर-जानेवारीतलंच खरं.

रविवार : शिरपूर

सावळद्याला तापीचा पूल ओलांडला की शिरपूर. इथलं अर्थकारण समजायला आकडे लागत नाहीत, 'भाई' हा एक शब्द पुरतो. अमरीशभाई पटेल. नगरपालिका, आमदारकी, शिक्षणसंस्था, सूतगिरणी, सगळ्या वाटा तिथे जाऊन मिळतात. कापसाच्या या तालुक्यात सोन्याची रिफायनरीसुद्धा उभी राहिली होती.

मला पाहायचे होते बंधारे. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी इथे २००४ पासून जो प्रयोग केला तो 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गेला. नाला खोल-रुंद करायचा, त्यावर दरवाजे नसलेले सिमेंटचे बांध घालायचे, आणि कोरड्या विहिरींत गाळलेलं पाणी सोडायचं. आम्ही गेलो त्या बंधाऱ्यात जानेवारीतही हिरवं संथ पाणी होतं, काठावर धुणं चाललेलं. शेजारच्या शेतात ठिबकवर कापूस काढून हरभरा घातलेला. शेतकरी भाऊ विहिरीत वाकून दाखवत होते, पूर्वी पाणी कुठे होतं आणि आता कुठे आहे. भिंतीवर पाण्याच्या जुन्या-नव्या रेघा दिसत होत्या.

परतताना गाडीत वाद झाला. दादा म्हणाला, एका माणसाच्या हातात इतकं सगळं असणं बरं नव्हे. उद्या त्याचं मन फिरलं तर? बरोबरच आहे. पण नरडाणा ते शिरपूर अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं. दोन्हीकडे महामार्ग तोच, जिल्हा तोच, सवलतीही जवळपास त्याच. फरक मला असा दिसला : ज्याची सूतगिरणी इथे आहे त्याला इथला कापूस हवा, म्हणजे पाणी हवं. ज्याचं कॉलेज इथे आहे त्याला फी भरू शकणारा बाप हवा. माणूस चांगला की वाईट हे नंतर बघू, त्याची कमाई गाव चालण्यावर आहे की गावची जमीन विकण्यावर, हे आधी बघायला हवं. दादाला पटलं नाही. "मतदान करून बघ म्हणजे कळेल," म्हणाला.

रात्री ढाब्यावर शेवभाजी. पाणी आधी भरून ठेवा.

सोमवार : साक्री, कोंडाईबारी, नवापूर

सुरत महामार्गानं पश्चिमेला. साक्रीच्या अलीकडे भाडण्याला पांझरा-कान सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. कारखाना कित्येक वर्षं बंद आहे. खान्देशात असे कधी ना कधी बंद पडलेले कारखाने ओळीनं मोजता येतील, चाळीसगावचा बेलगंगा, कासोद्याचा वसंत, शिरपूरचा दहिवदचा. एकेकाळी तालुक्याचा पुढारी आणि कारखान्याचा चेअरमन ही एकच खुर्ची असायची. ऊस कमी, पाणी कमी, पण कारखाना हवाच, कारण सभासद म्हणजे मतदार. आता पुढाऱ्यांची नवी पिढी कॉलेजं, पेट्रोलपंप आणि प्लॉटिंगमध्ये आहे. धुराडं बघून दादानं गाडी हळू केली नाही, रोजचंच.

साक्रीच्या डोंगरांवर पवनचक्क्यांचं रान आहे, ब्राह्मणवेल, छडवेलच्या बाजूला. त्या बघून मला हसू फुटलं, कारण यांतल्या काहींना मी ताळेबंदात ओळखते! पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी तिच्या किमतीच्या ऐंशी टक्के रक्कम घसारा म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता यायची. पुण्या-मुंबईचा बिल्डर किंवा औषध कंपनी मार्चअखेर कर वाचवायला साक्रीतली पवनचक्की घेऊन टाकायची. ती किती फिरते याच्याशी कर वाचण्याचा संबंध नव्हता. २००९ मध्ये सरकारनं वीज तयार होईल त्या प्रमाणात पैसे देणारी योजना काढली, ती यासाठीच. घसारा २०१२ मध्ये काढला, २०१४ ला परत दिला, २०१७ पासून चाळीसवर आणला. कित्येक वर्षं फायलींत 'विंडमिल, धुळे' असं लिहिताना, तिच्या पायथ्याशी बकऱ्या राखणारा मुलगा असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याला विचारलं, वीज कुठे जाते? "माहीत नाही. आमच्याकडे रात्रीची लाईट आहे." म्हणजे शेतीपंपाची पाळी रात्रीची.

कोंडाईबारी घाट उतरला की हवा दमट, झाडी दाट, पाट्यांवर गुजराती. नवापूर स्टेशनची मौज सगळ्यांनी यूट्यूबवर पाहिलेली असते. फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि मधोमध एक बाक, त्यावर रेघ. तिकीट महाराष्ट्रात मिळतं, स्टेशनमास्तर गुजरातेत बसतात. स्टेशन आधीचं, राज्यं १ मे १९६० ची. बाकावर बसून फोटो काढायला रांग लागते, आम्हीही लावली.

गंमत सोडून बघितलं तर ही रेघच नवापूरचा उद्योग आहे. एमआयडीसीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये सुरतेचे व्यापारी आले. एका युनिटमध्ये ओळखीनं शिरता आलं. आत कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत तंतू, यंत्रांमधून चालताना अंग चोरावं लागतं. सुपरवायझर सुरतचे. चहा मागवून ते मोकळेपणानं बोलले : जागा तिकडच्यापेक्षा स्वस्त, महाराष्ट्राची सवलत, आणि कामगार. "पहले ये लोग हमारे यहाँ आते थे, अब हम इनके यहाँ आ गये." मावची-कोकणी आदिवासी घरांतली मुलं-मुली इथे दिवसभर काम करून रात्री घरी जातात. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे, अजूनही बरेच जातात. यंत्रावरच्या एका मुलीला विचारलं, सुरत बरी की नवापूर? "घरी जेवायला मिळतं," एवढंच म्हणाली आणि तुटलेला धागा जोडायला वळली. मालक कुठे राहतात, हे विचारलंच नाही. पार्किंगमधल्या गाड्यांच्या नंबर प्लेटांवर जीजे होतं.

इथे माझा पक्ष जरा लंगडा पडतो, कारण हे मालक शिरपूरसारखे गावचे नाहीत, तरी काम मिळालंय. पण ते टिकेल कशावर? सुरतेजवळ सचिनला खासगी एसईझेड आहे, देशातल्या सुरुवातीच्यांपैकी. गुजरातनं उद्या रेघेपलीकडे अधिक सवलत दिली तर ही यंत्रं ट्रकवर चढायला कितीसा वेळ लागेल? संध्याकाळी नवापूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याशी बोलले, त्यांचा पोल्ट्रीचा धंदा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, गाव ओसाड झालं. एसईझेडचा कायदा लागू झाला तोही नेमका त्याच महिन्यात. "आम्ही पुन्हा शेड भरले," ते म्हणाले. "जाणार कुठे? घर इथे, जमीन इथे, कर्ज इथल्याच बँकेचं." २०२१ ला पुन्हा रोग आला, पुन्हा मारल्या, पुन्हा भरले.

मंगळवार : नंदुरबार, आणि अमळनेरची गर्दी

नंदुरबारला मिरचीचा मोसम. गावाबाहेर 'पथारी' लागलेल्या, म्हणजे ओली लाल मिरची वाळवायला पसरलेली मोकळी मैदानं. लांबून जमीन रंगवल्यासारखी दिसते. जवळ गेलं की पहिल्या मिनिटाला शिंका, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. बायका ओढणी नाका-तोंडावर बांधून मिरची खालीवर करत होत्या, देठ खुडत होत्या. एकीनं माझ्या तोंडाला तिच्याकडची जादा ओढणी बांधून दिली आणि बाकीच्या खो-खो हसल्या. इथे पावसाची भीती फार. अवकाळी आला तर पथारीवरचा माल काळा पडतो. एवढा मोठा बाजार, पण बहुतेक मिरची अशीच सुकून पोत्यांतून निघून जाते, भुकटी आणि अर्क दुसरीकडे. या बायांचा रोजगार कोणत्याच झोनमध्ये मोडत नाही.

नंदुरबारहून पॅसेंजरनं अमळनेर. दोंडाईच्याच्या पुढेमागे विखरणचा विषय निघाला, डब्यातल्या प्रवाशांनीच काढला. वीज प्रकल्पासाठी तिथली जमीन घेतली गेली. धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याला पाच एकरांचे चार लाखांच्या आसपास मिळाले, इतरांना कितीतरी पट. न्याय मागत फिरून थकल्यावर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी ते गेले. समोरचे गृहस्थ एवढंच म्हणाले, "प्रकल्प येवाना शे हाई जेले पहिले कळस, तो जमीन इकत नही, इकत लेस." डब्यात यावर कोणी वाद घातला नाही.

एक धोक्याची सूचना : मंगळवारी अमळनेरला जाऊ नका, किंवा मुद्दाम मंगळवारीच जा. मंगळग्रह मंदिराला त्या दिवशी जत्रा असते. रिक्षा नाही, लॉज नाही. शेवटी मैत्रिणीच्या मावससासऱ्यांकडे गादी टाकून झोपलो आणि सकाळी खापरावरचे पुरणाचे मांडे खाल्ले. रुमालासारखे पातळ, हातावर फिरवून मोठे केलेले, उलट्या खापरावर टाकलेले. लॉज मिळाला असता तर हे हुकलं असतं.

बुधवार : अमळनेर

अमळनेरवर मी आधी वाचून गेले होते, तरी गाव वाचल्यापेक्षा जास्त निघालं. प्रतापशेठांची कापड गिरणी, त्यांच्याच मदतीनं १९१६ मध्ये उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप हायस्कूल, जिथे साने गुरुजी शिकवायचे. गिरणीवाल्या शेटजीनं तत्त्वज्ञानाच्या संशोधनाला पैसे द्यावेत, तेही बोरी नदीकाठच्या गावात! मंदिराच्या आवारात शांतता आहे, कपाटांत पुस्तकं आहेत, आणि आम्ही तिघंच होतो.

आणि विप्रो. २९ डिसेंबर १९४५ ला इथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' निघाली. मुंबईचे मोहंमद हशम प्रेमजी, धंदा वनस्पती तुपाचा. भुईमूग आजूबाजूला, रेल्वे दारात, एवढंच भांडवल. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी स्टॅनफर्ड सोडून परतले आणि ती तेलगिरणी त्यांच्या अंगावर आली. पुढचं जगाला माहीत आहे. गावाला जे माहीत आहे ते वेगळं : कंपनीचे शेअर अमळनेरच्या लोकांनी घेतले होते, व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी. ज्यांनी विकले नाहीत ते बोनस शेअर आणि स्प्लिटमध्ये, म्हणजे एका शेअरचे अनेक होत, कोट्यधीश झाले. त्यांतले पुष्कळ अजून जुन्याच घरात राहतात आणि स्कूटरवर फिरतात, असं सांगितलं गेलं. कोण, ते कोणी सांगितलं नाही.

बाजारातल्या किराणा दुकानदार काकांच्या वडिलांकडेही होते. "बहिणीच्या लग्नात विकले," काका म्हणाले. पश्चात्ताप? "बहीण सुखी आहे." मग क्षणभर थांबून, "पण मेव्हण्याला अजून ऐकवतो."

शेअरच्या गोष्टीत सगळे नशीब बघतात. मला त्यात कागद दिसला. एसईझेडच्या माझ्या फायलींत डेव्हलपर असतो, युनिट असतं, आयुक्त असतो. जमीन देणारा कुठल्याच रकान्यात नसतो. त्याचा चेक निघाला की तो फाइलीतून बाहेर. पुण्यात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमीन विकण्याऐवजी कंपनीत भागीदारी घेतली, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी झाली. अमळनेरला तर काही ठरवून झालं नव्हतं. एका तेल कंपनीला भांडवल हवं होतं आणि ते तिनं शेजाऱ्यांकडून घेतलं.

गुरुवार : जळगाव, सावदा

जळगावात घाई झाली. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ बघाच, पण आधी फोन करून वेळ विचारून जा, आणि निदान दोन तास ठेवा. भवरलाल जैनांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक कारखाना घेऊन त्यात पपईचं पपेन काढायला सुरुवात केली. मग पाइप, मग ठिबक. शेतकऱ्याचं पीक वाढलं तरच पाइप खपणार, असा सरळ मामला. २०१९ च्या सुमारास कंपनी कर्जात अडकली तेव्हा अख्ख्या शहराच्या पोटात गोळा आला, असं रिक्षावाले दादा सांगत होते. त्यांचा भाऊ तिथेच कामाला.

दुपारी सावद्याकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. इथे अहिराणी सुटते आणि लेवा बोली सुरू होते. बागेत शिरलो तर गारवा. कांदेबागेचे, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचे, घड धरलेले, त्यांना निळ्या पिशव्या. बागायतदार काकांनी एका घडाची फणी उचलून, खालच्या फण्या थंडीनं कशा बारीक राहिल्यात ते दाखवलं. नुकसान होतं आपल्या बागेत, पण विम्याला तापमान धरतात ते महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरचं, ही त्यांची जुनी तक्रार. भाव ठरतो बऱ्हाणपूरच्या लिलावावर, तेही मध्य प्रदेशात. निर्यातीची केळी तेच काका पॅकहाऊसला देतात, तिथून डब्यांत भरून कंटेनर न्हावा-शेव्याला. त्यांना म्हटलं, इथे निर्यातीचा झोन झाला तर करमाफी मिळेल.

"शेतीच्या उत्पन्नावर कर आहे कुठे?" काका म्हणाले. "मला थंड खोली द्या गावात, आणि बऱ्हाणपूरचा भाव सकाळी सहाला फोनवर येतो तो कोण ठरवतं तेवढं सांगा."

ते मला सांगता आलं नाही. नव्या युनिटांची करमाफी तर २०२० नंतर तशीही बंद झालीय, हेही बोलले नाही. काकांनी वेफर्सची पिशवी हातात दिली. भुसावळ तिथून जवळ, पण रात्रीच्या गाड्यांचं आरक्षण जानेवारीत आधीच करून ठेवा. आणि जळगावातून ज्वारीचे बिबडे घेणार असाल तर डबा न्या, पिशवीत चुरा होतो.